मगरबाईंचा सत्कार

मुलांनो, मोबाइल बाजूला ठेवा आणि नीट मांडी घाला. गोष्ट एका जंगलातली आहे. कोणत्या, ते विचारू नका, मी सांगणार नाही. बोधकथा सांगणाऱ्याला पत्ता द्यावा लागत नाही, म्हणून तर मी हा धंदा पत्करला.

त्या जंगलात नदीकाठी मंदाकिनीताई नावाचं एक पाणमांजर राहायचं. पोहावं, मासे धरावेत, उन्हात अंग वाळवावं, हा पाणमांजरांचा मूळ व्यवसाय. पण मंदाकिनीताई ‘वनबाल प्रगती मंडळा’च्या कार्यवाह झाल्या आणि तेव्हापासून त्यांचं अंग काही ओलं झालं नाही.

पिल्लांनी शिकावं, आईबापांना चार गोष्टी कळाव्यात, पुढे कोणी काय व्हायचं ते आधीच ठरावं, म्हणून मंडळ मेळावे भरवायचं. ‘उंच भरारी’ या विषयावर कोंबड्याचं व्याख्यान झालं. ‘प्रगतीची दिशा’ खेकड्याने दाखवली. वक्ता मिळाला नाही की मंडळ मला बोलवायचं. मी एक गोष्ट सांगायचो आणि नारळ घेऊन घरी यायचो.

मंदाकिनीताईंना एक पिल्लू होतं, तरंग. तो प्रत्येक मेळाव्याला पहिल्या रांगेत बसायचा, कारण पहिली रांग नेहमी रिकामी असायची आणि फोटोत ते बरं दिसायचं नाही. ऐकून ऐकून त्याला सगळी भाषणं पाठ झाली होती. पोहता मात्र येत नव्हतं.

पाणमांजराच्या पिल्लाला पोहणं जन्मतः येत नाही, बरं का. आईने मानगूट धरून पाण्यात सोडावं लागतं.

“आई, मला कधी सोडणार?” तरंग विचारायचा.

“एवढा मेळावा होऊ दे, राजा.”

ताईंना कळत नव्हतं असं नाही. रात्री अंथरुणावर पडलं की त्या स्वतःलाच हसायच्या. ‘लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस, मंदाकिनी, आणि घरचं पोर उपाशी!’ हसून झालं की त्यांना वाईटही वाटायचं. मग त्या पुढच्या मेळाव्याचा विषय ठरवायच्या, म्हणजे झोप लागायची.

असं करता करता महामेळावा आला. विषय होता ‘शिक्षण, कुटुंब आणि करिअर’. नदीकाठच्या मोठ्या खडकावर व्यासपीठ केलं होतं. अध्यक्ष होते गवेसाहेब, कारण त्यांच्याखेरीज ती खुर्ची कोणाला भरता येत नसे. प्रमुख पाहुण्या होत्या मगरबाई. त्यांचा विषय ‘संधी कशी ओळखावी’.

मगरबाईंनी थोडक्यात छान सांगितलं. “संधीच्या मागे धावू नका. काठावर स्वस्थ पडा. संधी चालत येते. आपण फक्त तोंड उघडं ठेवायचं.”

टाळ्या पडल्या. हरणांनी जरा कमी वाजवल्या.

मग सत्कार सुरू झाले. ज्यांनी झाडून काढलं त्यांचा, ज्यांनी झाडायला सांगितलं त्यांचा, जे येणार होते पण आले नाहीत त्यांचाही. ताईंनाही कमळाच्या पानाची शाल मिळाली. मगरबाईंचा मोठा मान, म्हणून त्यांचा सत्कार शेवटी ठेवला होता.

पुष्पगुच्छ देण्याचं काम तरंगकडे होतं. खडकावर शेवाळ होतं. शेवाळावर पाय पडला आणि तरंग गुच्छासकट डोहात गेला.

तो वर आला तेव्हा समोर सगळी सभा होती. सभेसमोर बोलायची त्याला एकच रीत ठाऊक होती.

“सन्माननीय व्यासपीठ,” तो ओरडला, “आदरणीय अध्यक्ष गवेसाहेब...”

सभा शांत झाली. गवेसाहेबांनी मान डोलावली.

“...प्रमुख पाहुण्या मगरबाई...” इथे तो खाली गेला आणि परत वर आला. “...आणि माझ्या बंधुभगिनींनो!”

“किती धीट पोर आहे हो!” गवेसाहेब म्हणाले. “पाण्यातून बोलतंय!”

मंदाकिनीताईंचा ऊर भरून आला. भाषण त्यांचंच होतं. त्या ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर म्हणू लागल्या.

“आज या ठिकाणी... मला दोन शब्द... बोलण्याची...”

‘संधी दिल्याबद्दल,’ ताई पुटपुटल्या.

पण ‘संधी’ काही आली नाही. नुसते बुडबुडे आले. पुष्पगुच्छ एकटाच तरंगत होता.

एका पोराची आई म्हणून काय करायचं ते तेव्हा ताईंच्या डोक्याला आठवेना, पण पायांना आठवलं. त्यांनी शालीसकट उडी मारली, तळाशी गेल्या आणि मानगूट धरून त्याला काठावर आणलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सभेला वाटलं, हे प्रात्यक्षिक होतं.

मगरबाई जागच्या हलल्या नव्हत्या. त्या हळूच ताईंना म्हणाल्या, “संधी मला पहिल्या वाक्यालाच कळली होती, ताई. पण सत्कार व्हायचाय ना अजून माझा. त्याआधी व्यासपीठ सोडणं बरं नाही दिसत.”

ताईंनी तरंगला घट्ट पोटाशी धरलं. त्याला खोकला आला, पाणी पडलं, डोळे उघडले.

“आई, आता शिकवशील?”

“आत्ता. आत्ताच शिकवते, राजा. चुलीत गेलं ते मंडळ!”

आणि हे त्या अगदी मनापासून बोलल्या, मुलांनो. त्याचं बोट धरून त्या उथळ पाण्याकडे निघाल्याही. पहिली लाट पायाला लागली.

“मंदाकिनीताई!” मागून गवेसाहेबांचा आवाज आला. “मगरबाईंचा सत्कार कोण करणार? आणि आभार राहिलेत!”

ताई थांबल्या. पाण्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, व्यासपीठाकडे पाहिलं. मग त्यांनी शाल पिळली आणि परत खांद्यावर टाकली.

“दोन मिनिटं हं, बाळा.”

तरंग शहाण्यासारखा जाऊन पहिल्या रांगेत बसला. अंगाखाली पाण्याचं थारोळं झालं होतं.

त्या दिवशी मलाही बोलावलं होतं. मी व्यासपीठावर तिसऱ्या खुर्चीत होतो आणि टाळ्यांत माझे हात सर्वांत पुढे होते. नारळ अजून घरात आहे.

तात्पर्य : मुलांना पोहायला शिकवणं राहिलं तरी एक वेळ चालेल, पण मगरीचा सत्कार नेहमी शेवटी ठेवावा.