मिस्त्रींच्या बाथरूमचा ढाळ

स्वतःच्या बाथरूमला फरशी बसवताना मिस्त्रींनी लेव्हलची नळी पिशवीतून काढलीच नाही. तीस वर्षं लोकांच्या घरांना ढाळ काढून दिलेला माणूस, त्याला नळी कशाला? सकाळी बायकोने पहिली बादली ओतली. पाण्याने जाळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते उंबरठा ओलांडून थेट बैठकीत आलं.

"पाणी नवीन आहे, शिकेल वाट," मिस्त्री म्हणाले.

"लोकांच्या घरी बरं शिकलेलं असतं," बायको म्हणाली.

लेक सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. हातात कॉलेजचा फॉर्म, विषय भूगोल. आज पाचपर्यंत द्यायचा होता आणि बाबांची सही राहिली होती. "भूगोल घेऊन पुढे काय करणार?" एवढंच विचारत मिस्त्रींनी आठवडाभर कागदाला पेन लावलं नव्हतं.

त्यांनी उंबरठ्याशी सिमेंटचा बांध घातला. पाणी कोपऱ्यात तुंबलं. कोपरा भरून काढला, तर ते कमोडमागे जाऊन बसलं. दुपारी मिस्त्रींनी हातोडाच उचलला. "सगळं उखडतो."

"थांबा बाबा." लेकीने पिशवीतली नळी काढली, एकेका फरशीची उंची मोजून खडूने लिहिली आणि मग वेड्यावाकड्या रेघा ओढत सुटली.

"हे काय गिरगटतेस?"

"सारख्या उंचीच्या जागा जोडतेय, नकाशात डोंगर दाखवतात तशा. तुमची जाळी टेकडीवर बसलीये. जाळी आणि भोवतीच्या चार फरश्या खाली घ्या, बाकीच्यांना हात लावू नका."

मिस्त्रींनी निमूटपणे तेवढंच केलं आणि मगभर पाणी ओतलं. ते शहाण्यासारखं जाळीत गेलं. मिस्त्रींनी वाकून एका रेघेवरून बोट फिरवलं. पोरगी हुशार आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण एवढी?

"असलं शिकवतात भूगोलात?"

"एवढं तर शाळेतच झालं. पुढे पूर कुठवर येईल, रस्ता कुठून न्यावा, उपग्रहाच्या फोटोंवरून नकाशे. सर्व्हे, नगररचना, हवामान, सगळीकडे माणसं लागतात."

"म्हणजे अख्ख्या शहराचा ढाळ," मिस्त्री म्हणाले आणि सिमेंटच्या हातानेच सही केली.

पावणेपाचला बापलेक कॉलेजात पोचले. तिथल्या क्लार्कने फॉर्म वरखाली पाहिला. "भूगोल? घेऊन पुढे काय करणार?"

मिस्त्रींना असा राग आला की विचारू नका. "बादली ओतायच्या आधी पाणी कुठे जाणार ते सांगणार. तुम्हाला येतं?"

क्लार्कने गुपचूप शिक्का मारला. मग पालकाच्या व्यवसायाचा रकाना वाचून त्याने आवाज खाली आणला. "मिस्त्री, आमच्या गच्चीवर पाणी साचतं हो. येऊन बघाल का?"

"मॅडमना विचारा," मिस्त्री लेकीकडे हात करून म्हणाले. "त्या सांगतील तेवढ्याच फरश्या मी काढतो."