टॉफीबाईसाहेबांचं ऑपरेशन

मुलांनो, शेजारचे काळेजी उद्या कलेक्टर समोर आला तर त्यालाही 'भिया', म्हणजे आपला भाऊ, म्हणतील. पण आपल्या टॉफी कुत्रीला मात्र 'बाईसाहेब' आणि 'आपण'. रोज सकाळी कोपऱ्यावरून पोहे घेऊन ते आपल्या फाटकाशी उभे राहतात. बिनकांद्याचे तिला, सेव घातलेले स्वतःला. "बाईसाहेब, आज जरा थंड आहेत, चालवून घ्या." मी खिडकीतून 'गुड मॉर्निंग' म्हटलं तर नुसती मान हलते.

टॉफीच्या पोटाखालची गाठ काढायचं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, रात्री दहानंतर पोटात काही जाता कामा नये. भुलीत उलटी झाली तर जिवावर बेतेल. तुम्ही तुमच्या आजीला ओळखताच. मी तीन रंगांत तक्ता केला. धोका मला एकट्या काळेजींचाच वाटत होता, म्हणून फाटकावर पाटी लावली: 'उद्या पोहे बंद.' खाली माझी सही.

सकाळी काळेजी रिकाम्या हातांनी आले.

"पोहे?" मी दरडावलं.

"नाही ना भाभीजी. बाईसाहेब उपाशी, तर अपन भी उपाशी."

दवाखान्यात मी तक्ता ऐटीत पुढे केला. डॉक्टरीणबाईंचं बोट एका ओळीवर थांबलं: 'सकाळी सहा. सांध्यांची रोजची गोळी, पेढ्यात घालून.'

"हा पेढा दिलात?"

"म्हणजे काय! बरोब्बर सहाला."

ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. जन्मभर शाळेत 'सूचना नीट वाचा' म्हणून ओरडणारी मी! रिक्षात काळेजी टॉफीला म्हणाले, "बघा बाईसाहेब, शिकलेल्या लोकांची गलतीसुद्धा कशी टाइमावर होते."

दुसऱ्या दिवशी गाठ निघाली, पण टॉफी डोळे उघडेना. "ओळखीच्या आवाजात हाका मारा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी फाइल मांडीवर घेऊन 'टॉफी, वेक अप, गुड गर्ल' सुरू केलं, हजेरी घ्यावी तसं. तिचा कानसुद्धा हलला नाही. मग काळेजी फरशीवर बसले आणि तिच्या कानाशी वाकले.

"बाईसाहेब, मी आहे इथे. घाई नाही. पण मी आहे."

तेच, तेच, कितीतरी वेळ. शेवटी शेपटीचं टोक हललं, डोळे किलकिले झाले.

"चला काळेजी," मी म्हटलं, "आता घरी जाऊन दोन घास खा."

ते उठले नाहीत. सुमनवहिनींना जाऊन चार वर्षं झाली. इतक्या दिवसांत त्यांनी बायकोचं नाव काढलेलं मी ऐकलं नव्हतं.

"सुमनच्या वेळी मला आत बसू दिलं नाही, भाभीजी," ते टॉफीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. "काचेच्या बाहेरून मारलेली हाक आत पोचते का हो?"

मी फाइल खुर्चीवर ठेवली आणि गुडघे कुरकुरत असतानाही त्यांच्या शेजारी फरशीवर बसले.