टिपणिसांची घुंगरं

आमच्या बिल्डिंगमध्ये मांजर दिसायच्या आधी ऐकू येतं. वरून छुमछुम ऐकू आली की नवे पाहुणे दचकतात. माझ्या एका मावसबहिणीनं तर हळूच विचारलं होतं, "वर नाचाचा क्लास असतो का गं?" मी म्हटलं, "नाही, मांजर आहे. टिपणिसांचं." त्यानं ती जास्तच बुचकळ्यात पडली. तेव्हा हे सगळं एकदा क्रमानं सांगून टाकलेलं बरं.

बिल्डिंग मुलुंडच्या पश्चिमेला, टेकड्यांच्या बाजूची शेवटची. मागे मोकळा प्लॉट, त्यात एक शेवगा, करवंदीच्या जाळ्या आणि पावसाळ्यात भरणारं डबकं. मी सोसायटीची सेक्रेटरी. पाणी कधी येणार, गच्चीवर वाळवण घालायची पाळी कोणाची, जिना कोणी धुवायचा, हे मी नीट लिहून जिन्याखालच्या फळ्यावर लावते. बहुतेक बिऱ्हाडं ते वाचत नाहीत. दुसऱ्या मजल्यावरचे टिपणीस वाचतात, आणि खाली पेन्सिलीनं दुरुस्ती करतात.

टिपणीस भांडुपच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. कानामागची पेन्सिल रविवारीसुद्धा उतरत नाही. कोणी काही पाळायचं ठरवलं, की हा माणूस दारात उभा. "आपली हौस, त्यांचा जीव," हे त्यांचं पालुपद. यातले 'ते' म्हणजे पाळलेले प्राणी नव्हेत. त्यांच्यापायी जे बाकीचे मरतात ते.

तळमजल्यावरच्या सावंतांनी काचेच्या बरणीत मासे आणले होते. पोरांची हौस फिटली आणि सावंत ती बरणी घेऊन मागच्या डबक्याकडे निघाले, तर टिपणीस आडवे. हे परक्या पाण्यातले मासे तिथं वाढले, तर बेडकांची पिल्लं कोण वाचवणार, असा त्यांचा सवाल. सावंतांनी बेडकांचा विचार जन्मात केला नव्हता. मासे बरणीतच राहिले. शिवाय बरणीतलं पाणी बदलताना ते मोरीत न ओतता कुंड्यांना घालायचं, असा हुकूमही निघाला. तिसऱ्या मजल्यावर फर्नांडिसबाई पोपट आणणार म्हणाल्या, तर "एका पोपटासाठी किती ढोल्या फोडल्या, तेवढं विकणाऱ्याला विचारून या." पोपट आला नाही. एकदा माझ्याच यजमानांच्या डोक्यात अल्सेशियनचं पिल्लू शिरलं होतं. दूध तेव्हा कार्डावर मोजून मिळे. टिपणिसांनी शांतपणे विचारलं, "दुधाच्या कार्डावर त्याचं नाव काय घालणार?" पिल्लूही आलं नाही. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

आणि एवढं बोलणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात मांजर. रंग सुंठेसारखा, म्हणून नाव सुंठी.

मांजर खरं तर सुमनताईंचं, म्हणजे टिपणिसांच्या बायकोचं. सुमनताईंच्या पायांतली शक्ती गेली होती. मागच्या खिडकीला लावून त्यांची कॉट होती आणि त्यांच्या गुडघ्यांच्या खोबणीत सुंठीची जागा. खिडकीखाली सांडपाण्याच्या फुटक्या, वापरात नसलेल्या पाइपात दयाळाचं घरटं. दयाळ म्हणजे बुलबुलाएवढा काळापांढरा पक्षी, शेपटी सदा उभी, जरा ऐटबाजच. उन्हाळ्यात उजाडायच्या आधीपासून तो शेवग्यावर बसून गायचा. सुमनताईंचा दिवस तिथून सुरू व्हायचा. मी भाजी पोचवायला गेले की आधी दयाळाची बातमी. "आज नवीन काहीतरी काढलंय त्यानं. मध्ये अडकतो, पुन्हा पहिल्यापासून धरतो."

एका उन्हाळ्यात सुंठीनं दयाळाचं पिल्लू तोंडात धरून आणलं आणि मोठ्या कौतुकानं सुमनताईंच्या पांघरुणावर ठेवलं. मांजर असं लाडक्या माणसालाच देतं म्हणतात. सुमनताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. पण सुंठीला त्यांनी दूरही लोटलं नाही. शेवगा पुढे कितीतरी दिवस मुका होता.

पुढच्या विणीच्या आधी टिपणिसांनी घुंगरं आणली.

पहिलं घुंगरू बैलाच्या गळ्यातलं निघालं. सुंठी जागची हलेना. दुसरं बारीक होतं, पण सुंठी पाऊल असं टाकी की ते वाजतच नसे. मग दोन घुंगरं अशी ओवली, की एक दुसऱ्यावर आपटलंच पाहिजे. याचं रीतसर ड्रॉइंग होतं. चाचणीसाठी मला गच्चीवर उभं केलं आणि स्वतः खाली प्लॉटात घुंगरं हलवत चालले. "आलं का ऐकू?" त्यांनी खालून विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही आलात. घुंगरू नाही आलं." त्यांनी पेन्सिल काढली.

सुंठी झाल्यावर बिल्डिंगमधली बाकीची मांजरं. फर्नांडिसबाईंचा सायमन नावाचा बोका दांडगा होता. बाई म्हणाल्या, "माझा बोका काय तमाशात नाचतो?" पण सुमनताईंचं नाव निघाल्यावर त्यांनीच सायमनची मान धरून ठेवली.

पाखरं सुरक्षित झाली. उंदीरही झाले.

ही चूक कोणाच्याच लक्षात आली नव्हती. ते दिवस रेशनचे. तांदूळ रांगेत उभं राहून आणायचा, डब्यात जपून ठेवायचा. तो रातोरात कुरतडला जाऊ लागला. सावंतांचं तर पोतंच फाटलं. गच्चीवर मीटिंग बोलवावी लागली. सावंत मालवणचे. ते म्हणाले, "उंदरांका आता आधीच कळता, मांजर इला म्हणान. सावकाश जेवान उठतत मेले." सगळे हसले. टिपणीस हसले नाहीत.

घुंगरं उतरवा, असा सगळ्यांचा आग्रह होता. टिपणिसांचं म्हणणं, पाइपात अंडी आहेत, आता नको. कोणीतरी मागून म्हणालं, मग मांजर देऊन टाका, भानगडच नको.

"मांजर तिचं आहे," टिपणीस म्हणाले.

"मग पाखरांचा नाद सोडा ना."

"पाखरूही तिचंच."

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, बघितली, परत ठेवली. मला असली कोंडी बघवत नाही. मी विचारलं, उंदीर केव्हा येतात? रात्री. पाखरं केव्हा हिंडतात? दिवसा. मग घुंगरं दिवसा बांधायची आणि दिवेलागणीला सोडायची. विषय संपला, चहा घ्या.

"सेक्रेटरीबाई," टिपणीस जिना उतरताना म्हणाले, "हे मला सुचायला हवं होतं." दुसऱ्या दिवशी नियम फळ्यावर लागला. त्याखाली पेन्सिल फिरली नाही.

तेव्हापासून ती फेरी सुरू झाली. कारखान्यातून आले की टिपणीस बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन मजल्यामजल्यावर जात आणि घुंगरं गोळा करत. सकाळी दूध आणायला निघायच्या आधी पुन्हा बांधत. मांजरांनाही ते अंगवळणी पडलं. सायमन तर दारात मान पुढे करून बसे, दाढीला बसल्यासारखा.

त्या उन्हाळ्यात पिल्लं उडाली. एक पिल्लू उडता उडता खाली पडलं आणि सायमन निघाला, पण सगळ्या प्लॉटाला ऐकवत निघाला. पिल्लू धडपडत करवंदीत शिरलं. सुमनताईंना कॉटवरून यातलं काही दिसलं नव्हतं. मला सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. "सगळं ऐकलं मी. आधी सायमन, मग दयाळाची ओरड, मग ह्यांच्या चपला. चपलाच सगळ्यांत मोठ्यानं."

पावसाळा संपता संपता सुमनताई गेल्या.

पुढच्या वर्षी मागच्या प्लॉटात पाया खणला गेला. शेवगा गेला, करवंदी गेल्या, डबकं बुजलं. दयाळ टेकड्यांकडे गेला असावा. फर्नांडिसबाई सायमनला घेऊन भावाकडे वसईला राहायला गेल्या. सुंठी म्हातारी झाली, जिना उतरेनाशी झाली. डबा घेऊन फिरायचं टिपणिसांना कारण उरलं नाही.

मग एक दिवस सावंतांनी माझ्याकडे तक्रार केली. दिवे लागून गेले तरी वर घुंगरू वाजतं, रोज. नियम म्हणजे नियम. मी वर गेले.

टिपणीस स्टोव्हवर भात टाकत होते. खिडकीजवळची कॉट तशीच होती, चादर नीट घातलेली, आणि गुडघ्यांच्या जागी सुंठी. मला बघून तिनं मान वळवली. छुम.

"टिपणीस, दिवे लागले. घुंगरू सोडायचं राहिलंय."

"राहिलं नाही," ते म्हणाले.

मी माझ्या पद्धतीनं एकेक मुद्दा मांडला. दयाळ इथं नाही. पाइप काढून टाकला. सुंठीला खाली उतरवत नाही. मग आता हे कोणासाठी?

त्यांनी स्टोव्हची हवा सोडली. फरफर थांबली, तेव्हा ते घर किती गप्प आहे ते मला कळलं.

"कारखान्यातून येतो, कुलूप काढतो," ते म्हणाले. "आत काहीच वाजत नाही हो. ही उठून दारापर्यंत येते, तेवढंच."

मी सुंठीच्या गळ्याकडे बघितलं. दोरा झिजून तंतूवर आला होता. म्हटलं, "हा तुटणार आहे. उद्या नाडी देते, परकराची. ती टिकते." ते बरं म्हणाले.

खाली उतरून मी तो नियम फळ्यावरून काढला. सावंत दारातच उभे होते. त्यांना काय झालं ते सांगितलं, आणि उंदीर आलेच तर सोसायटीच्या खर्चानं पिंजरा आणू म्हटलं. सावंतांनी वर जिन्याकडे बघितलं.

"ऱ्हवांदे," म्हणाले. "वाजांदे."

मी टिपणिसांच्या बरोब्बर खाली राहते. संध्याकाळी वर कुलूप उघडल्याचा आवाज येतो. मग जरा वेळ काहीच नाही. सुंठीला उठायला हल्ली वेळ लागतो. मी हातातलं काम थांबवते.

मग छुम.