दारं आपोआप लागतात

मंगळवारपासून तात्यांच्या गाडीची दारं आपोआप लागत होती. वारा नाही, धक्का नाही, आसपास तात्यांशिवाय चिटपाखरू नाही, आणि खट्ट! चारही दारं एका दमात बंद.

तात्यांची बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात, वायरींच्या जंगलात गेली होती. निवृत्त झाले तरी हत्यारांचा चामडी पट्टा कमरेवरून उतरला नव्हता. स्वस्थ बसणं हा प्रकार त्यांना माहीत नव्हता. दातांच्या डॉक्टरकडे गेले होते, ते त्याच्या खुर्चीचं पायडल दुरुस्त करून परत आले. दाढ तशीच ठणकत होती.

शनिवारी साडेपाचला काकूंचं गाणं होतं. इतकी वर्षं कोरसच्या मागच्या रांगेत उभ्या राहिल्यावर पहिल्यांदाच चार मिनिटं एकटीनं गायला मिळणार होतं. नवऱ्याकडे त्यांचं एकच मागणं होतं.

"अहो, ती चार मिनिटं तेवढी खुर्चीतून उठू नका. माइक खरखरला तरी."

"मी कशाला उठतोय?" तात्या उठता उठता म्हणाले. "आधी गाडीचं बघतो."

"आज? त्या कार-वायरमनला बोलवा ना."

"त्याला काय कळतंय? पोरगा आहे तो." पोरगा पंचेचाळीस वर्षांचा होता.

तात्यांचं निदान तयारच होतं. दार उघडून मिटून बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर आतल्या आत तुटते. ती शोधायची तर दारांची आतली पॅनेलं काढायला हवीत. त्यांनी चारही काढली. पॅनेलांबरोबर आतली हँडलं आली, काचा खाली करायची बटणं आली. प्रत्येक वायरीला खात्याच्या शिस्तीप्रमाणे नंबराची चिठ्ठी लागली. रिमोटवर संशय नको म्हणून किल्लीतला सेलही त्यांनी काढला. तो घरंगळत गटाराच्या जाळीत गेला, पण त्याची नोंद कुठे झाली नाही.

"खिळ्यावरची दुसरी किल्ली कुठाय?" काकूंनी विचारलं.

"सुरक्षित आहे."

"म्हणजे कुठे?"

"सुरक्षित म्हणजे सुरक्षित! हरवू नये म्हणून मीच ठेवली ना मंगळवारी. बस तू आत."

टेलिफोनची लाइन तपासायची तर दोन टोकांना दोन माणसं लागतात. काकू तयार होऊन, पावडर लावून, हातात गाण्याची वही घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. तात्यांनी दार लावलं आणि बिजागरी बघायला वाकले.

खट्ट!

"लागलं!" काकू आतून म्हणाल्या.

"कळलं. आता काचेजवळची ती लॉकची खुंटी वर ओढ, मी बाहेरून उघडतो."

काकूंनी खुंटी वर ओढली. तात्या हँडल धरायला वाकले. खट्ट! काकूंनी पुन्हा ओढली. तात्या पुन्हा वाकले. खट्ट! हे अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी काकूंच्या कपाळावरची पावडर ओघळली.

"अहो, तीन वाजले! मी काय आता इथूनच गाऊ?"

"घाबरू नकोस. फॉल्ट सापडत आलाय."

"मी तर कधीच सापडलेय! त्या पोराला फोन करा आधी!"

काचेच्या दोन बोटं फटीतूनही तो आवाज चांगला खणखणीत आला. तात्यांनी फोन केला.

वायरमन स्कूटरवरून उतरला, पण हत्यारांची पिशवी त्याने उघडली नाही. हाताची घडी घालून तो नुसता बघत राहिला. काकूंनी खुंटी ओढली, तात्या वाकले, खट्ट.

"तात्या, जरा लांब या. त्या पायरीपाशी. आता वाका."

"इथे वाकून काय दिसणार?"

"मला दिसेल. वाका तर खरं."

तात्या वाकले. वीस पावलांवर गाडी म्हणाली, खट्ट!

"पट्ट्याच्या त्या पुढच्या खिशात काय आहे हो?"

तात्यांनी हात घातला. पकडीच्या दांड्याखाली घट्ट कोंबलेली दुसरी किल्ली बाहेर आली. माणूस वाकला, की पोट पकडीवर, पकड बटणावर.

वायरमनने किल्ली घेऊन दार उघडलं. काकू उतरल्या, त्यांनी तात्यांच्या कमरेचा पट्टा सोडवला आणि घरात नेऊन कपाटात कुलूपबंद केला.

वायरमनने तासाभरात पॅनेलं बसवली. "नळीतली वायर नव्यासारखी आहे," तो जाता जाता म्हणाला. "एवढा एक स्क्रू राहिलाय, काकूंच्या बाजूच्या हँडलचा. त्याला बारीक स्क्रू-ड्रायव्हर लागेल. घरी आल्यावर तुम्हीच बसवा. जमेल ना?" हा शेवटचा प्रश्न तात्यांना फार लागला. त्यांनी स्क्रू खिशात टाकला.

साडेपाचला काकू गायल्या. माइक दुसऱ्या ओळीलाच खरखरला. चौथ्या रांगेत बसलेल्या तात्यांचा हात कमरेकडे गेला. तिथे काही नव्हतं. काकूंनी गाता गाता त्यांच्याकडे पाहिलं. तात्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि चार मिनिटं बसून राहिले. शेवटच्या मिनिटाला तर ते माइक विसरले. बायकोचा आवाज असा आहे, हे त्यांनी बत्तीस वर्षांत टेलिफोनवरही ऐकलं नव्हतं.

टाळ्या कडाडल्या. मग मात्र पुढची रिकामी खुर्ची डुगडुगताना त्यांना दिसली.

परतताना काकूंचा चेहरा फुलला होता. "उठला नाहीत हो एकदाही!" त्या तीनदा म्हणाल्या. घरापाशी गाडी थांबली. उतरायला म्हणून त्यांनी हँडल ओढलं आणि ते अख्खं त्यांच्या हातात आलं.

काकूंनी हँडलकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"तो स्क्रू कुठाय?"

"सुरक्षित आहे," तात्या म्हणाले. "तिसऱ्या रांगेत."