सरकारांची उन्हाळी आणि पिळलेली काकडी

वेलीस मांडव आणि जिवास पाणी देणारा तो श्रीहरी सर्वांचें रक्षण करो. आज्ञा जाहली कीं, सरकारांस लागलेली उन्हाळी कैसी निवाली तें वर्तमान यथास्थित लिहावें. त्यावरून लिहितों. पदरचें कांहीं घालीत नाहीं. घातलेंच तर चवीपुरतें.

शके सोळाशें चोवीस, चित्रभानु नाम संवत्सरे, वैशाखमास. ते वर्षीं ऊन ऐसें पडलें कीं, कावळे सावली सोडीनात. आणि त्यांतच सरकारांची एकुलती लेक गजराबाईसाहेब यांचें लग्न ठरलें, आणि दारीं मांडव घातला, आणि ऐन त्याच समयीं सरकारांस उन्हाळी लागली. लघवीस जावें तों आग, घडोघडी उठावें, कोठा बद्ध, जीभ कोरडी. मग उठावें लागतें म्हणोन सरकारांनीं पाणी पिणेंच कमी केलें, तेणेंकरून आग दुणावली. इकडे कन्यादानाचा विधी लांबलचक, आणि आमचे उपाध्ये ऐसे कीं, 'सावधान' म्हणावयास देखील घसा तीनदां खाकरणार! मध्येंच उठावें तर व्याही नांवें ठेवणार. सरकार खिन्न होऊन बोलिले, "एकच लेक. तिचें कन्यादान आम्हीं सोडून चुलत्यानें करावें? हें जिवास फार लागतें."

मग राजवैद्य त्र्यंबकभट आले आणि नाडी पाहून बोलिले, "महाराज, भय नाहीं. अंगांतलें पाणी आटलें आहे. पाणी वरचेवर प्यावें, आणि दोन्ही वेळां पानांत काकडी असावी. तिच्यांत पाणीच फार. पोट भरतें आणि अंग जड होत नाहीं. सालींत आणि बियांत चोथा असतो, तो कोठा सैल करितो. काकडी म्हणजे अमृत नव्हे, परंतु उन्हाळ्यांत तिच्यासारखें सोपें खाणें नाहीं."

हुकूम मुदपाकखान्यांत गेला. तेथील मुख्य नरसो बल्लाळ. हाताला चव अशी कीं बोटें चाटावीं, आणि हट्ट असा कीं डोकें आपटावें. सरकारच्या मुखीं जाडेंभरडें जाऊं नये, हा त्याच्या घराण्याचा दंडक. त्यानें काकडी सोलली, आणि बिया काढिल्या, आणि मीठ चोळून पंचांत बांधिली, मग दोघां आचाऱ्यांनीं दोहींकडून पीळ घालून पिळली, आणि जें उरलें तें तुपांत परतून वर केशर घालून चांदीच्या वाटींत सादर केलें. साल, बी आणि पाणी घमेल्यांत भरून चंद्री म्हशीपुढें ठेविलें. सरकार ती खारट चिंधी निमूट खात, आणि तहान मात्र वाढे. उन्हाळी हटेना. वैद्यबोवांवर बोल आला. चंद्री तेवढी तुकतुकीत जाहली.

मग हळद लागली. हळदीच्या अंगानें नवरीनें उंबरा ओलांडूं नये, परंतु गजराबाईसाहेब चंद्रीचा निरोप घ्यावयास गोठ्यांत गेल्याच, आणि तें हिरवेंगार घमेलें पाहून कमरेस पदर खोचून मुदपाकखान्यांत शिरल्या.

"नरसोकाका, म्हशीपुढें हें काय ठेविलें आहे?"

"टाकाऊ माल, बाईसाहेब."

"अहो, काकडी तर चंद्रीनें खाल्ली! आबासाहेबांस तुम्हीं काय वाढलें? पंचा?"

नरसो बोलिला, "सरकारांनीं सालें चावावीं? पागेंतले लोक हंसतील."

"हंसूं देत. माझ्या लग्नांतून आबासाहेब उठून गेले तर मी रडेन, तें चालेल तुम्हांस?"

नरसोनें काकड्यांची टोपली पुढें सारिली. मग बाईसाहेबांनीं कोंवळी काकडी धुतली, आणि टोकें उडविलीं, आणि एक चकती आपण चाखून बाकीची सालासकट वडिलांपुढें ठेविली, जवळ पाण्याचा तांब्या.

सरकार बोलिले, "बाळे, कडू निघाली तर?"

"म्हणोन तर मी आधीं चाखतें, आबासाहेब."

दोन्ही वेळां हेंच चाललें. पाणी पोटांत गेलें, कोठा मोकळा जाहला, आग निवाली. सरकारही कुडुमकुडुम आवाज करीत ऐसे खाऊं लागले कीं, आम्हां कारकुनांच्या तोंडास पाणी सुटे. लग्नाच्या दिवशीं उपाध्यांनीं मनसोक्त घसा खाकरला, आणि सरकार पाटावरून हालले नाहींत, आणि लेकीचा हात आपल्या हातानें दिला. त्र्यंबकभटांस शालजोडी मिळाली. चंद्रीस कोणी विचारलें नाहीं.

वऱ्हाड गेलें. दुसरे दिवशीं सरकार जेवावयास बसले. नरसोनें स्वतः काकडी धुतली, चाखिली, सालासकट पानांत वाढिली. सरकारांनीं एक चकती तोंडांत घातली आणि हात थांबला. डोळ्यांतून पाणी आलें, तें मिशांपर्यंत उतरलें. मग बोलिले, "नरसो, आज काकडी कडू निघाली."

नरसो बल्लाळ, ज्यानें आपली चूक जन्मांत कबूल केली नाहीं, तो भर पंगतींत हात जोडून बोलिला, "होय सरकार. कडूच आहे. माझीच चूक."

येणेंप्रमाणें वर्तमान जाहलें. काकडी धुवावी, चाखावी, सालासकट खावी, वर पाणी प्यावें, इतकेंच सार. त्या दिवशीं सरकार उठल्यावर पानांत राहिलेली काकडी आम्हीं आणि नरसोनें वांटून खाल्ली. साखरेसारखी गोड होती.