आंबील डोक्यावर, तोंड बंद

"वाटंत एक शब्द जरी तोंडातून निघाला ना," आंबिलीच्या बिंदग्याला, म्हणजे घागरीला, फडकं बांधता बांधता चंद्रभागाबाईंनी लेकाला बजावलं, "तर औंदाची आंबील बाटली म्हणून समज. मंग माप जाईल पुण्याला."

माप पुण्याला जाणार हे ऐकून चुलीवरची भज्जी ढवळणाऱ्या मंजुषाचा हात जागच्या जागी थांबला.

येळवसेचा दिवस होता. मार्गशीर्षातल्या अमावस्येला नांदूरघाटच्या शिवारात माणूस घरात सापडत नाही. सगळी माणसं रानात जातात. कडब्याची खोप करतात, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात, भज्जी, बाजरीचे उंडे, खीर असा निवद दाखवतात आणि दिसेल त्याला ओढून जेवायला बसवतात. पण खरा मान आंबिलीचा. ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबवलेली ही आंबील सगळेच करतात, मात्र चंद्रभागाबाईंच्या हातची म्हटली की चार गावची माणसं जिभल्या चाटतात. पीठ किती, ताक किती, किती दिवस आंबवायचं, हे माप बाईंनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मंजुषा बावीस वर्षं या घरात नांदत होती आणि बावीस वर्षं नेमकं पीठ कालवायच्या वेळेला सासूबाई तिला कोथिंबीर आणायला पाठवत होत्या.

यंदा मात्र पंच्याहत्तरी उलटलेल्या बाईंनी जाहीर करून टाकलं होतं, "हात थरथरतेत आता. माप देऊन टाकते. बिंदगं न बोलता खोपीत टेकलं तर मंजुषाला. न्हाई तर पुण्याला अंगदच्या बायकोला फोनवर सांगते."

बिंदगं डोक्यावरून न्यायचं, वाटेत कुठं टेकवायचं नाही आणि टेकेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा नेम गावात फक्त या एका घराचा, बाहेर कुणाला ठाऊकही नसलेला. नऊ वर्षं धाकटा अंगद तो पाळत होता. पुण्याहून यायचा, कारमध्ये मागच्या सीटवर बिंदगं डोक्यावर धरून बसायचा, बायको गाडी चालवायची आणि दहा मिनिटांत खोप. या वर्षी अंगदला सुट्टी मिळाली नाही. आणि मोठा मुलगा उत्तरेश्वर होता गावातला एक नंबरचा बोलघेवडा. दाढ काढतानासुद्धा तो उघड्या तोंडानं डॉक्टरला ऊसतोडीच्या टोळ्यांचं राजकारण समजावून सांगत होता.

"अंगदची बायको पिशवीतलं ताक वापरती," सासूबाई ट्रॅक्टरमध्ये चढल्यावर मंजुषा नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली. "मिक्सरमंदी आंबील फिरवंल ती! तुमी बोललात ना, तर मी माहेरी जाते. आन् येळवस झाल्यावर न्हाई, संक्रांतीलाबी तिकडंच."

"अगं, मी काय ल्हान हाय का? तीन किलोमीटरचा तर रस्ता. मी असा गप बसतो की..."

"हे बगा, चालू झालं!"

बिंदगं डोक्यावर चढलं. त्यावरून घोंगडी पांघरली गेली. ट्रॅक्टर धुरळा उडवत पुढं गेला आणि उत्तरेश्वर पांदीनं एकटाच निघाला. अर्धा फर्लांग गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की मामला वाटला त्यापेक्षा अवघड आहे. दोन्ही हात बिंदग्याला, म्हणजे हातवारे बंद. मान हलवली तर आंबील सांडणार, म्हणजे हो-नाही बंद. बोलायला म्हणून फक्त दोन भुवया शिल्लक राहिल्या होत्या.

पहिलंच रान छबुबाईचं. छबुबाई त्याची लांबची चुलती, खोपीच्या दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत होती.

"ये रं उत्तरेश्वरा! जेवून जा."

उत्तरेश्वर पुढं चालत राहिला.

"आरं, तुला म्हनते! कावून बोलंना?"

उत्तरेश्वरनं डोळे मोठे केले आणि भुवया वर-खाली केल्या. त्याच्या मते त्याचा अर्थ होता, 'काकू, नेम आहे, संध्याकाळी येतो.' छबुबाईनं वेगळाच अर्थ काढला.

"आगं माय माय! उत्तरेश्वरवरनं वारं गेलं! वाचा बसली त्याची! बगा कसं त्वांड करायलाय!"

उत्तरेश्वर बोलत नाही, याला गावात दुसरं कुठलंही कारण कुणाला सुचणं शक्यच नव्हतं. चार बायका धावत आल्या आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरून खोपीसमोर नेऊन उभं केलं. बसवायचा प्रयत्न झाला, पण गडी बिंदगं खाली घेऊ देईना.

"हात बी आखडलेत," छबुबाई हळहळली. "थांबा, लसूण द्या त्याला. वाऱ्यावर लसनावानी औशीद न्हाई."

सोललेल्या लसणाच्या सहा पाकळ्या त्याच्या तोंडात कोंबल्या गेल्या. तोंडात लसूण असताना न बोलणं तुलनेनं सोपं होतं, एवढाच काय तो फायदा. मग छबुबाईचं लक्ष बिंदग्याकडं गेलं.

"चंद्रभागाबाईची आंबील हाय व्हय? पाटवली असंल आमाला. बगा तरी, अंगात वारं हाय, पर पोरगं वानवळा घिऊन आलं!"

पुढं जे घडलं ते उत्तरेश्वरला भुवयांनी थांबवता येण्यासारखं नव्हतं. छबुबाई बाजेवर चढली, घोंगडी बाजूला केली, फडकं सोडलं आणि त्याच्या डोक्यावरून तांब्यातांब्यानं आंबील काढून सगळ्यांना वाटली. अर्धं बिंदगं हलकं झालं. पण कुणाचं भांडं रितं परत पाठवायची रीत या भागात नाही. छबुबाईनं आपल्या माठातली आंबील घेतली आणि बिंदगं होतं तसं भरून दिलं. तिच्या आंबिलीत लसूण इतका होता, की वरून वाफेसारखा वास आला.

"जा बाबा नीट. आन् उद्या आंबाजोगाईच्या दवाखान्यात दाकव."

उत्तरेश्वर बाहेर पडला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून लसणाच्या झणक्यानं घळाघळा पाणी वाहत होतं. पुसायला हात मोकळे नव्हते. त्या अवस्थेत तो नेमका त्रिंबकच्या बांधावर येऊन पोचला.

त्रिंबकशी त्याचं चार वर्षांचं वैर होतं. बांध त्रिंबकनं कोरला, असं उत्तरेश्वरचं म्हणणं होतं आणि ते म्हणणं त्यानं चावडीवर, पारावर, दोन लग्नांत आणि एका तेराव्यात सविस्तर मांडलं होतं.

"आला का परत?" त्रिंबक खोपीतून बाहेर येत गरजला. "सणासुदीचं बी सुदरत न्हाई का बे? बोल, काय बोलायचं ते!"

उत्तरेश्वर गप्प.

"बोल की! त्या दिशी तर लई बोलत हुतास!"

उत्तरेश्वर गप्प. डोळ्यांतून धारा.

त्रिंबकचा आवाज खाली आला. तो दोन पावलं पुढं आला. समोर डोक्यावर आंबिलीचं बिंदगं घेतलेला, एक अक्षर न बोलता रडणारा वैरी उभा होता. असलं दृश्य त्रिंबकनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"आरं... आंबील घिऊन आलास? माज्याकडं?"

उत्तरेश्वरनं हुंदका दिला. खरं तर सहावी पाकळी घशात अडकली होती.

"बस! बास कर गड्या!" त्रिंबकचा बांध फुटला. "माजंच चुकलं. मीच कोरलाय बांध. दीड हात! दर साली नांगरताना जरा जरा आत सरकत गेलो. वर तुलाच खोटा पाडला."

चार वर्षं ज्या वाक्यासाठी उत्तरेश्वरनं अख्खं गाव डोक्यावर घेतलं होतं, ते वाक्य भर दुपारी, साक्षीदारांसमोर, आपण होऊन बाहेर पडलं होतं; आणि त्याला साधं 'ऐकलं का मंडळी?' एवढंही म्हणता येत नव्हतं. जिभेच्या टोकावर शब्द येऊन उभे राहिले. तेवढ्यात त्याला मिक्सर दिसला. मिक्सरमध्ये गरगर फिरणारी आंबील दिसली. माहेरी निघालेल्या मंजुषाची बॅग दिसली. त्यानं ओठ घट्ट दाबले.

त्रिंबकनं त्याला मिठी मारली, त्यात तांब्याभर आंबील दोघांच्या अंगावर सांडली. मग बैलगाडीच्या धुरेवर चढून त्रिंबकनं समेटाची आंबील मोठ्या मानानं काढून घेतली, घरच्यांना पाजली आणि बदल्यात आपल्याकडची ओतली. ती हिरव्या मिरचीच्या ठेच्यानं हिरवीगार झाली होती.

आता शेवटचा टप्पा. डांबरी रस्ता ओलांडला की पलीकडं त्यांची खोप. उत्तरेश्वरनं रस्त्यावर पाऊल ठेवलं आणि समोर पांढरी गाडी करकचून थांबली. काच खाली झाली. आत विजयसिंह भाऊ. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला उभे राहायच्या तयारीत असल्यानं येळवसेच्या दिवशी ते चाळीस रानांतून फिरत होते. प्रत्येक खोपीत आंबील पिणं कुठल्याही पोटाला झेपत नाही आणि नाही म्हणणं कुठल्याही पुढाऱ्याला झेपत नाही. म्हणून गाडीत मागं दुधाचा मोठा कॅन ठेवलेला होता. मिळेल ती आंबील हसतमुखानं घ्यायची आणि गुपचूप कॅनमध्ये ओतायची.

"काय उत्तरेश्वरराव! काय म्हनतोय गाव?"

उत्तरेश्वर गप्प. गावाबद्दल विचारल्यावर जो माणूस मागच्या निवडणुकीपासून सुरुवात करायचा, तो गप्प. विजयसिंहांच्या चेहऱ्यावरचं हसू हललं. त्यांनी शेजारच्या कार्यकर्त्याकडं वळून दबक्या आवाजात विचारलं, "हे कावून बोलंना?"

"भाऊ, समोरच्यांनी गाठलेलं दिसतंय. शब्द घेतलाय याचा."

विजयसिंह ताडकन गाडीतून उतरले. "उत्तरेश्वरराव, आपल्यात असं असतंय व्हय? नाराज असाल तर सांगा. सोसायटीवर संचालक करतो तुमाला."

नेमका तेव्हा बिंदग्यातून आंबिलीचा एक ओघळ उत्तरेश्वरच्या कपाळावरून खाली आला. त्याची डावी भुवई वर गेली.

"बरं, व्हाइस चेअरमन!"

ओघळ भुवई ओलांडून डोळ्यात गेला. ठेचा होता त्यात. दोन्ही भुवया वर गेल्या.

"लई ताणू नका राव!" विजयसिंहांना घाम फुटला. "ठीक हाय. चेअरमन! सगळ्यांसमोर शब्द दिला. आता तुमच्या हातची आंबील पिऊनच पक्कं करू."

भाऊ स्वतः गाडीच्या पायरीवर चढले, कार्यकर्त्यांसह तांबे भरभरून प्याले, आणि रित्या भांड्यानं माणूस जाऊ नये म्हणून मागचा कॅन उचलून बिंदग्यात ओतायला लावला. चाळीस रानांची आंबील काठोकाठ भरली. गाडी निघून गेली. उत्तरेश्वरनं मूकपणे चेअरमन होऊन रस्ता ओलांडला.

खोपीत सगळे वाट बघत होते. पाच पांडवांसमोर उत्तरेश्वर गुडघ्यावर बसला, बिंदगं अलगद टेकवलं आणि जमिनीवर आडवा झाला.

"बोललास का रं वाटंत?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"एक शब्द न्हाई, आई! शपथ! आन् तुला सांगतो, त्रिंबकनं..."

इथं तो थांबला. त्रिंबकचं सांगायचं तर आंबिलीचं सांगावं लागणार. चेअरमनकीचं सांगायचं तर कॅनचं सांगावं लागणार. आयुष्यातली सगळ्यात भारी हकिगत त्याच्या तोंडात तयार होती आणि ती सांगायला गेलं की माप पुण्याला जाणार होतं. त्यानं वाक्य वळवलं. "त्रिंबकनं रामराम सांगितलाय."

चंद्रभागाबाईंनी निवद दाखवला, शिवारात आंबील शिंपडली आणि वाटी तोंडाला लावली. एक घोट घेतला. थांबल्या. दुसरा घेतला. उत्तरेश्वरनं डोळे मिटले.

"मंजुषा," बाईंनी वाटी पुढं केली. "इकडं ये. ही चव बग. हीच ती चव!"

"व्हय आत्याबाई?"

"तुजे सासरे डोक्यावरनं चालत आनायचे ना, तवा अश्शीच लागायची. अंगद आनायला लागला तवापासून काय तरी गेलतं तिच्यातलं. मला वाटलं माज्या हातालाच चव राहिली न्हाई. म्हनून तर ही नऊ वर्सं तुला माप देत नव्हते गं. चुकीचं माप कशाला द्यायचं?" त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आज पटलं. माप बराबरच हाय. आन् कान इकडं."

सगळ्या रानासमोर सासूनं सुनेच्या कानात माप सांगितलं. बावीस वर्षांनी. उत्तरेश्वर आडवा पडल्या पडल्या खोपीच्या कडब्याकडं बघत राहिला. आपले वडील, आप्पा, तीस वर्षं त्याच पांदीनं, त्याच बांधावरून चालत आले आणि घरी येऊन कधी एक अवाक्षर बोलले नाहीत, याचा पहिल्यांदाच त्याला मनापासून आदर वाटला.

दिवस कलल्यावर भांडी आवरता आवरता मंजुषा त्याच्याजवळ आली. "आज लईच गप हाव तुमी."

"कुटं काय! थकलोय जरा."

"पुडल्या साली बी तुमीच न्या आंबील. चालतच." तिनं इकडंतिकडं पाहून आवाज खाली घेतला. "फक्त छबुकाकूकडं जरा कमी थांबा. लसूण जास्त झालाय औंदा."