थंड गटातील शेळी

१९४९ सालच्या पौषातील त्या सकाळी वलवणच्या धरणावर दाट धुके होते. संशोधन केंद्राच्या बंगल्यात संचालकांचे स्नान, चहा आणि वर्तमानपत्र ही कामे यथाक्रम पार पडली. शिपाई गेणूने शेगडी पेटवून त्यांच्या टेबलाखाली ठेवली. शेगडी वास्तविक उष्ण गटातील शेळीसाठी मंजूर होती. ती शेळी अद्याप मंजूर व्हायची होती.

थंड गटातील शेळी मात्र हजर होती. देशकार्यासाठी ती डोंगरवाडीच्या भागूबाईकडून आणली होती. शरीराचे तापमान उतरले की पेशींत किरणोत्सारी फॉस्फरस कमी मुरतो काय, हे पाहायचे होते. शेळी थंड करायची, फॉस्फरस टोचायचा आणि सोमवारी यकृत काढून तपासायचे. भागूबाई रोज पायरीवर येऊन बसे. तिच्या तान्ह्या नातीला त्या शेळीवाचून दूध नव्हते.

गेणूने गार पाणी ओतले. शेळी थरथरली, आणि थरथरून तिने आपले तापमान जागेवर राखले.

"थरथरणे योजनेत नाही," संचालक म्हणाले. लेखी मनाई निघाली. मनाईच्या अंमलासाठी शेळीवर घोंगडी घातली. थरथर थांबली; पारा चढला. थंड गट उबदार झाल्याने फॉस्फरस टोचता येईना. कापण्याची तारीख मात्र हुकमात होती, आणि त्याच दिवशी केंद्राच्या कामाची तपासणी करणारी समिती यायची होती.

सोमवारी गेणू सुरी घेऊन नुसताच उभा राहिला.

"सायेब, पाणी टाकल्यावर जनावरानं अंग झाडलं, तरच आमी सुरी लावतो. देवाचा कौल असतो त्यो."

"परवा झाडलं होतं की."

"ते तुमीच रद्द केलं."

"माजं कदी ऐकलं न्हाई तिनं," भागूबाई पायरीवरून म्हणाली. "तुमचा हुकूम लय मानती."

संचालकांना अंधश्रद्धेचा तिटकारा होता. केंद्राचे उद्घाटन त्यांनी अमावास्येवरून पुढे ढकलले, ते केवळ पाहुण्यांच्या सोयीसाठी. पण मनाई मागे घ्यायची, तर ती चुकली असे समितीला कळवावे लागले असते. त्यांनी गेणूला लोणावळ्याच्या बाजारातून कलेजी आणायला धाडले.

"जाताना हिला सोड," ते हलकेच म्हणाले.

गेणूने दावे भागूबाईच्या हाती दिले. घोंगडी तिने परत केली नाही. कोणी मागितलीही नाही.

बाजारच्या कलेजीत किरणांचा मागमूस नव्हता. थंडीत पेशी किरणोत्सारी द्रव्य मुळीच शोषत नाहीत, हा निष्कर्ष समितीने एकमताने मंजूर केला. पुढे ते वाक्य पाठ्यपुस्तकात आले. आपण ते पाठ केले, उत्तरपत्रिकेत उतरवले, आणि शेळीची चौकशी न करता उत्तीर्ण झालो.